विकायला नेलेली जर्मन गाडी

अमरावती, शुक्रवार

जायचे होते अकोल्याला, आणि पहिला मुक्काम पडला अमरावतीला. पुण्याहून समृद्धी महामार्गाने येताना अकोल्याकडे वळायचा फाटा आधी लागतो. तो सोडून आम्ही पुढे गेलो, कारण गाडीचे गिऱ्हाईक अमरावतीत होते. महामार्गावरच्या प्रवासाबद्दल लिहिण्याजोगे काही नाही. गाडी बंद पडली नाही, एवढीच बातमी.

पत्नी वैशाली मूळची अकोला जिल्ह्यातली, सरकारी भूवैज्ञानिक आहे. विहिरी आणि बोअरच्या पाण्याची पातळी मोजणे, पाण्याचे नमुने तपासणे, हे तिचे काम. तिची अकोल्याला बदली झाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचे होते. माझी नोकरी पुण्यातल्या एका दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागात. ती नोकरी पुण्यातच राहणार, आणि मीही. म्हणजे पुढची काही वर्षे संसार दोन शहरांत आणि एक गाडी त्यांच्या मधोमध.

ही गाडी जर्मन बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, चार वर्षांपूर्वी जुनी म्हणून घेतलेली. तिच्या बाजूने सांगायचे तर वेगात वळण घेताना ती झुकत नाही, आणि लांबच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला थकवत नाही. विरुद्ध बाजूने सांगायचे तर इंजिनभोवतीचे प्लॅस्टिकचे भाग उन्हाने तडकतात, सेन्सर कारण नसताना तक्रार करतात, आणि दुरुस्तीचा माणूस प्रत्येक वेळी "पार्ट मागवावा लागेल" असे म्हणतो. दोनदा ती टोइंगच्या गाडीवर चढून घरी आली होती. या कंपनीचे वर्कशॉप अकोल्यात नाही. म्हणून आमचे ठरले होते: ही विकायची, विनातक्रार चालणारी एखादी साधी गाडी घ्यायची, आणि त्या गाडीने मी दर पंधरवड्याला पुणे-अकोला करायचे.

गिऱ्हाईक म्हणजे रफीकभाई. परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्या घेणारे वऱ्हाडात फार लोक नाहीत, त्यांतले एक. वलगाव रस्त्यावर त्यांचे पत्र्याचे आवार आहे. पुण्यात गाडी घेणारा आधी बॉनेट उघडायला सांगतो. रफीकभाईंनी डिकी उघडायला सांगितली.

आत पाने, टॉर्च, कूलंटची बाटली, होजच्या पट्ट्या, बिघाडाचा कोड वाचायचा स्कॅनर आणि खोक्यात एक नवी इग्निशन कॉइल होती. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या प्लगवर अशी एक कॉइल बसते, ती ठिणगीसाठी वीज देते.

रफीकभाईंनी सगळे शांतपणे पाहिले. "साहेब, तुमी गाडी घेऊन नाही, दवाखाना घेऊन फिरून राहिले."

वैशाली हसली. मी सांगितले की कॉइल अजून लागलेली नाही, नुसती जवळ ठेवली आहे.

"तेच म्हणतो ना मी. मालकानं डिकीत काय भरलं ते पाहिलं की गाडीचं सारं समजते. ज्याची डिकी रिकामी, त्याची गाडी भरोशाची. आता चाबी द्या."

ते एक फेरी मारून आले. येताना त्यांचा चेहरा वेगळा होता. गाडी बंद केल्यावरही ते थोडा वेळ आत बसून राहिले. मग भाव सांगितला. तो वाजवी होता. सोमवारी दुपारी ते स्वतः अकोल्याला येऊन गाडी ताब्यात घेणार होते. अट एकच, गाडी त्या दिवशी चालू हालतीत हवी.

संध्याकाळी राजकमल चौकाच्या बाजूला गिला वडा खाल्ला. पुण्यातला दहीवडा गोडसर असतो आणि चमच्याने खातात. इथला वडा दह्यात बुडूनही तिखटपणा सोडत नाही. वैशालीने दुसरी प्लेट मागवली. मागवताना ती "मले अजून एक द्या जी" म्हणाली. पुण्यात इतकी वर्षे राहून हा "मले" कुठे होता, ते कळले नाही.

परतवाडा आणि चिखलदरा, शनिवार

सकाळी थोडी वाकडी वाट करून रिद्धपूरला थांबलो. महानुभावांचे हे मोठे तीर्थ. सकाळी गावात शांतता होती, आणि येणारे-जाणारे एकमेकांना "दंडवत प्रणाम" करत होते. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाडीभोवती फेरी मारली आणि विचारले, "ॲव्हरेज काय देते?"

मी आकडा सांगितला. त्यांनी ओठ मुडपले.

"एवढं पेट्रोल पेते तं मंग काम काय करते?"

पुण्यात अशा गाडीबद्दल कोणी काही विचारत नाही, तिरक्या नजरेने बघून घेतात. इथे विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. वैशाली म्हणाली, "बाबाजी, सोमवारपर्यंतच हाये आमच्याकडे." त्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली.

परतवाड्याच्या पुढे सातपुडा सुरू होतो. घाटाच्या पायथ्याला वैशालीने गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"विकायचीच आहे ना? मग घाट मी चालवते."

चार वर्षांत तिने ही गाडी पुण्याच्या गर्दीतच, आणि तीही थोडीच, चालवली होती. तिथे सगळ्या गाड्या सारख्याच. रोज ती खात्याची जीप चालवते. जीपला खड्डे कळत नाहीत आणि वळणेही कळत नाहीत.

पहिली काही वळणे तिने जीपसारखी घेतली, म्हणजे वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबून. गाडीचा पुढचा भाग खाली जाई, मागचा हलका होई. पुढे ती आपोआप वळणाच्या आधी वेग उतरवू लागली आणि वळणातून बाहेर पडताना पेट्रोल देऊ लागली. या गाडीचे स्टीअरिंग जड आहे. शहरात ते कटकटीचे वाटते. घाटात मात्र त्यातून रस्त्यावरची खडी, ओल, डांबराचा जोड, सगळे हातापर्यंत येते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीतून वर चढत होता आणि दोन्ही बाजूंचे साग धुळकट पानांनी मागे पळत होते. एका वळणावर समोरून एसटी आली. वैशालीने गाडी कडेच्या पट्टीवर नेमकी धरून ठेवली. एसटीच्या चालकाने जाता जाता हात वर केला. वैशालीचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

वर दरीच्या टोकाशी थांबल्यावर लोक दरी पाहत होते. ती बॉनेटवर हात ठेवून उभी होती. बॉनेट गरम होते.

"चार वर्षं तू एकटाच मजा मारत होतास," ती म्हणाली.

मी सांगितले की मजेबरोबर वर्कशॉपच्या फेऱ्याही मीच मारत होतो.

"ते मला माहीत आहे. फेऱ्यांचं तू घरी येऊन सांगायचास. याचं काही सांगितलं नाहीस."

टपरीवर कॉफी प्यायलो. गवळ्यांकडचा खवा घेतला, तो पानात बांधून मिळाला. उतरतानाही गाडी तिनेच चालवली. उतारावर तिने खालचा गिअर ठेवला, ब्रेक जवळजवळ लावलाच नाही. अंजनगावपर्यंत आम्ही विक्रीचा विषय काढला नाही.

चोहोट्याजवळचे वावर, रविवार

वैशालीचे मोठे भाऊ प्रकाशदादा अकोटहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, वावरातच, म्हणजे शेतातच, घर बांधून राहतात. शनिवारी रात्री आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला पोचलो. समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या शेजारी कापसाचा ढीग छताला टेकायला आलेला. दादा कापूस, तूर आणि हरभरा घेतात, वहिनी संगीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात.

हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. प्यायला नळयोजनेचे पाणी येते, ते घरात भरून ठेवतात. बाकी सगळ्याला बोअरचे पाणी. वैशाली भूवैज्ञानिक झाली ती या पाण्यामुळे, असे वहिनी सांगतात.

सकाळी बाहेरून इंजिनपंपाचा आवाज आला. मी चहा घेऊन ओट्यावर आलो तेव्हा गाडी अंगणात चकाकत होती. दादांनी फवारणीच्या पंपाला नळी लावून, जोरदार धारेने, ती टपापासून चाकांपर्यंत धुतली होती. पाहुण्याची गाडी धुळीने भरलेली परत पाठवायची नाही, ही त्या घराची रीत. ते खुशीत होते.

"जय भीम, जवाईबापू! पाहा तुमची गाडी. नवी कोरी करून टाकली."

बॉनेट उघडे होते. दादांनी ट्रॅक्टर धुतात तसे इंजिनही धुतले होते, कोपऱ्या-कोपऱ्यात धार मारून. वरचे प्लॅस्टिकचे झाकण काढून बाजूला ठेवले होते आणि त्याखालच्या चारही कॉइलींच्या भोवती पाणी साचले होते.

मी गाडी सुरू केली. ती थरथरू लागली. इंजिन लंगडत होते, सायलेन्सर अडखळत होता. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, लुकलुकू लागला. मी लगेच बंद केली.

"काय झालं?" दादांनी विचारले.

वैशाली बाहेर आली. तिने इंजिनाकडे पाहिले, मग नळीकडे, मग भावाकडे.

"दादा, इंजिन काहून धुतलं तू?"

"काहून म्हणजे? ट्रॅक्टर तं दर आठवड्याले असाच धुतो. त्याले काही होत नाई."

"तुह्या ट्रॅक्टरले डोकं नाही. याले हाये."

दादांचा चेहरा पडला. त्यांनी डोक्याचे उपरणे काढून झाकणावरचे थेंब पुसायला सुरुवात केली. "आता उद्या तो अमरावतीवाला येईन. चालू हालतीत पायजे म्हणे. माह्यामुळं जवाईबापूचा सौदा मोडते का?"

प्रश्न तोच होता. रविवारी इथे या गाडीला हात लावणारे कोणी मिळणे अवघड, आणि सोमवारी दुपारपर्यंत ती नीट चालली नाही तर रफीकभाई घेणार नाहीत. मग एक बिघडलेली जर्मन गाडी, तिचे वर्कशॉप नसलेल्या जिल्ह्यात, आमच्या गळ्यात.

मी डिकीतली पाने काढली. चारही कॉइली उपसल्या. प्लगच्या खोल खळग्यांत पाणी होते. मी म्हणालो की उन्हात वाळू देऊ. वैशालीने एका खळग्यात बोट बुडवून जिभेला लावले.

"वाळून उपयोग नाही. पाणी उडून जाईल, मीठ राहील. ओल आली की वीज मिठातून वाट काढणार. आधी गोड्या पाण्यानं पुसून घ्यावं लागेल."

"पाण्यानं बिघडली, अन् आणखीन पाणी?" दादा म्हणाले.

"हाव. तू टाकलं ते खारं. मी टाकते ते नळाचं."

खळग्यांतले पाणी टिपायचे कशाने, हा पुढचा प्रश्न. फडके आत पोचत नव्हते. वहिनी आत गेल्या आणि ढिगातून ओंजळभर कापूस घेऊन आल्या. वेचणीचा कापूस सरकीसकट असतो. त्या ओट्यावर बसून बोटांनी सरकी काढू लागल्या, आणि स्वच्छ पेळू तुरीच्या काडीला गुंडाळून माझ्या हातात देऊ लागल्या. मी काडी खळग्यात फिरवायची, ओला कापूस टाकायचा, नवी काडी घ्यायची. वैशाली कॉइलींचे रबर नळाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ धोतराने पुसत होती. पुसलेल्या कॉइली वहिनींनी सुपात मांडल्या आणि सूप वाळत घातलेल्या तुरीच्या शेजारी उन्हात ठेवले.

"शेजारीण इचारून गेली," त्या म्हणाल्या, "या कायच्या वड्या टाकल्या म्हणून."

"काय सांगितलं?"

"जर्मन हायेत म्हटलं. तळून खातेत."

दादाही हसले, पण कॉइलींपासून दूर उभे राहून. ऊन चढेपर्यंत त्यांनी गोवऱ्यांची आर, म्हणजे निखाऱ्यांचा जाळ, पेटवली आणि त्यात रोडगे भाजायला घातले. रोडगा म्हणजे कणकेच्या थरांवर थर चढवलेला जाड गोळा. निखाऱ्यात भाजून, राख झटकून, कुस्करून त्यावर तूप ओततात आणि वांग्याच्या तिखट भाजीबरोबर खातात. पुण्याकडे पाहुण्यासाठी स्वयंपाक आत होतो आणि पाहुणा बाहेर बसतो. इथे रोडगे भाजणे पुरुषांचे काम, आणि पाहुण्याने आरीशेजारी बसून धूर खायचा.

जेवणानंतर कॉइली कोरड्या आणि कोमट झाल्या होत्या. बसवल्या. गाडी सुरू झाली, पण अजून एक पाय लंगडत होता. स्कॅनरने तिसऱ्या सिलिंडरचा नंबर दाखवला. तिथली कॉइल काढून पाहिली तर रबराजवळ बारीक तडा होता. तो धुण्याच्या आधीपासून असावा. रंग जुना होता. डिकीतल्या खोक्यातली नवी कॉइल लावली आणि किल्ली फिरवली.

इंजिन एका सुरात चालू लागले. दादांनी कान जवळ नेला, मग सरळ होऊन म्हणाले, "आता झाला तुमचा सौदा."

"सौद्याचं बोलायचंय मला," वैशाली म्हणाली. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

तिचे म्हणणे असे. गाडी भरवशाची आहे की नाही, हे गाडी कुठे बंद पडते त्यावर ठरते. पुणे-अकोला रस्त्यावर ती पाचशे किलोमीटर पळणार, आत मी एकटा, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कुंपण. तिथे ती बंद पडली तर क्रेन येईपर्यंत कडेला बसून राहायचे. त्या प्रवासाला ही गाडी नको, हे तिला मान्य होते. पण त्या प्रवासाला रेल्वे आहे. तिचा स्वतःचा रोजचा रस्ता घर ते कार्यालय. गावोगाव फिरायला खात्याची जीप. सुट्टीत दादाकडे किंवा घाटात. यातल्या कुठल्याही ठिकाणी बंद पडली तरी ती तासाभरात कोणाच्या तरी घरी असेल.

"आणि पार्ट?" मी विचारले. "आणि वर्कशॉप?"

"थांबेन. रोज तिच्याशिवाय अडणार नाही माझं. अडणार नसेल तर मजेची गाडी बाळगायला काय हरकत आहे?"

"म्हणजे मी रेल्वेनं, आणि गाडी तुला?"

"तुला भरवसा पाहिजे होता ना? तिकीट काढ."

मी आणखी काही मुद्दे मांडले. विमा, टायरचा दर, उन्हाळ्यात प्लॅस्टिकचे भाग. ती सगळ्यांना "हो" म्हणत गेली. मुद्दे संपले तेव्हा दादा आर विझवत होते. "जवाईबापू," ते म्हणाले, "पोरगी माहेरी आली, तं गाडीबी राहू द्या माहेरी. मी तिले हात लावणार नाई. धुणार तं अजिबात नाई."

अकोला, सोमवार

सकाळी निघालो. पूर्णा ओलांडल्यावर गांधीग्रामला गूळपट्टी घेतली, शेंगदाण्याची, दातांना चिकटणारी. स्टीअरिंगवर वैशाली होती, म्हणून तिला मी भरवत होतो. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा थांबला होता, पण विझला नव्हता. तिने त्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे.

ती कार्यालयात जाऊन रुजू झाली, आणि बाहेर आल्यावर तिनेच रफीकभाईंना फोन लावला. ते अमरावतीहून निघायच्या तयारीत होते. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, भाव कमी वाटला का? बोला ना."

"भाव बरोबर होता. गाडी मीच ठेवणार आहे."

"घाटात गेल्ते का?"

"हो."

"मले वाटलंच. मॅडम, बिघडन बरं ही. मी खोटं नाई बोलत."

"बिघडली तर दुरुस्त करू."

"मंग एक ऐका. माह्या आवारात याच मॉडेलची एक ठोकलेली गाडी पडून हाये. इंजिनाकडचा सारा माल शाबूत. काही लागलं तं सांगजा, एसटीनं पाठवून देईन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेबाले सांगा, तो दवाखाना डिकीतच राहू द्या."

भाड्याच्या घरात सामान लावण्यात दुपार गेली. डिकीतल्या वस्तू मी परत नीट रचून ठेवल्या. स्कॅनर कसा वापरायचा ते तिला दाखवले. पिवळ्या दिव्याचा कोड वाचला, तो कालचाच होता. पुसला. दिवा विझला. परत लागेल, असे मी सांगितले. ती म्हणाली, लागला तर वाचेन.

संध्याकाळी ती मला स्टेशनवर सोडायला आली. पुण्याची रेल्वे वेळेवर होती. आता पंधरवड्याला एकदा रेल्वेनेच यायचे आणि रेल्वेनेच जायचे. वाचायला वेळ मिळेल, झोप मिळेल, कुठल्याही दिव्याकडे लक्ष ठेवावे लागणार नाही. हा सौदा माझ्या बाजूनेही वाईट नाही.

तिने स्टेशनाबाहेर गाडी वळवली. मी स्टेशनाच्या पादचारी पुलाच्या पायरीवर थांबून पाहत होतो. तिच्या नव्या घराचा रस्ता उजवीकडे होता, जेमतेम दोन किलोमीटरचा. चौकात तिने इंडिकेटर लावला. तो डावीकडचा होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वळली, आवाज खालच्या पट्टीतून वर चढला, आणि ती गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागली.